दाबा, आणि उचलून बघू नका

गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या सोसायटीत कुणाचं ना कुणाचं बोट कापतंच. मागल्या वर्षी पाळी शेजारच्या काकूंची होती. मोदकांच्या सारणासाठी पाच नारळ खवून झाले होते. परात बाजूला सरकवायला हात पुढे केला आणि तळहात विळीच्या पात्यावर आला. तर्जनीच्या बुडाशी दीड इंचाची चीर.

मी पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात पाच माणसं आणि पाच उपाय होते. एकीच्या हातात हळदीचा डबा, दुसरीकडे कॉफीची पूड, वरच्या मजल्यावरच्या आजोबांची तुरटी. काकांनी हाताला पंचा गुंडाळला होता, ते बरोबरच होतं. पण दर अर्ध्या मिनिटाला तो उचलून ‘थांबलं का बघू’ म्हणत ते आत डोकावायचे. दर वेळी रक्त नव्याने वाहायला लागायचं आणि काकांचा चेहरा आणखी उतरायचा.

मी डॉक्टर नाही. प्रथमोपचार शिकलोय आणि गेली काही वर्षं ढोल-ताशा पथकांत, सोसायट्यांत तो शिकवतोय, इतकंच. त्या दिवशी काकूंना भिंतीला टेकवून खाली बसवलं, धुतलेल्या रुमालाची घडी चिरेवर ठेवली, तिच्यावर अंगठा दाबून धरला आणि घड्याळाकडे बघत दहा मिनिटं बसलो. काका दोनदा म्हणाले, ‘बघायचं का रे?’ दोनदा म्हटलं, ‘नाही.’

ही दहा मिनिटं कशासाठी, हे एकदा कळलं की अर्धा प्रथमोपचार आला.

रक्तवाहिनी कापली की आधी ती स्वतःच आकसते. मग रक्तातल्या प्लेटलेट चिरेपाशी गोळा होऊन कच्चं बूच तयार करतात. त्या बुचावर फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं बसलं की ते पक्कं होतं. याला काही मिनिटं लागतात, आणि धार वाहत असेल तर ती बुचाला बसूच देत नाही. आपण दाबतो ते धार अडवून गोठण्याला उसंत मिळावी म्हणून. विरजण लावलेलं भांडं हलवायचं नसतं, त्यातलीच ही गोष्ट. दर थोड्या वेळाने झाकण काढून चमचा फिरवलात तर सकाळी दही मिळणार नाही. काकांचं नेमकं तेच चाललं होतं.

हळदीचं श्रेयही बरंचसं दाबण्याचंच असतं. हळद भरली की आपण वर फडकं दाबून धरतो, रक्त थांबतं आणि नाव हळदीचं होतं. भाजीत, दुधात हळद हवीच, माझं तिच्याशी वैर नाही. पण चिरेत भरलेली पूड टाके घालण्याआधी डॉक्टरला धुऊन, खरवडून काढावी लागते, आणि तेव्हा पेशंट काय बोलतो ते मी ऐकलंय. कापसाचा बोळाही उघड्या जखमेवर नको, त्याचे तंतू आत चिकटून बसतात. गॉज नसेल तर धुतलेला रुमाल, ओढणी, काहीही सुती चालेल.

रक्त थांबल्यावर दोन गोष्टी करायच्या असतात आणि त्याच बहुतेक राहून जातात. एक, अंगठी आणि बांगड्या लगेच उतरवणं. सूज चढली की अंगठी साबणानेही निघत नाही आणि मग ती कापावी लागते. दुसरी म्हणजे चिरेच्या पुढचा भाग तपासणं. काकूंना बोट वाकवायला सांगितलं, वाकलं. पेनाच्या टोकाने बोटाच्या शेंड्याला एका बाजूने हलकं टोचलं, कळलं. दुसऱ्या बाजूने टोचलं तर म्हणाल्या, ‘इथे बधिर लागतंय रे.’ म्हणजे बोटाच्या कडेने जाणारी संवेदनेची नस दुखावली होती. चीर लहान होती, रक्तही थांबलं होतं, तरी प्रकरण कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दोन टाके घालून मिटणारं नव्हतं. हाताच्या सर्जनकडे जावं लागलं. बोट वाकत नसेल तर कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी तुटलेली असू शकते. तिची दुरुस्ती जितकी लवकर होईल तितकी चांगली.

कातडी, तिच्याखालची चरबी, स्नायू, कंडरा, सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध, नसा, रक्तवाहिन्या हे सगळं मिळून डॉक्टर ज्याला सॉफ्ट टिश्यू म्हणतात ते होतं. हाडं सोडून उरलेलं मऊ मांस, असं ढोबळमानाने म्हणा. त्याची इजा दोन तऱ्हेची: कातडी फाटलेली आणि कातडी शाबूत असलेली. पहिली दिसते म्हणून लोक घाबरतात, दुसरी दिसत नाही म्हणून ‘मुका मार आहे, होईल बरा’ म्हणतात. माझ्या मते दुसऱ्या वाक्याने जास्त घात होतो.

मुका मार म्हणजे आतल्या बारीक वाहिन्या फुटून रक्त मांसात झिरपणं. काळंनिळं पडतं, मग हिरवट, मग पिवळसर होतं. साकळलेलं रक्त शरीर जिरवत असतं, त्याचे हे रंग. बहुतेक वेळा प्रकरण इथेच संपतं. लचक किंवा मुरगळणं यात अस्थिबंध ताणलेला किंवा थोडा फाटलेला असतो. सिंहगड उतरताना पाय मुरगळणं हा तर रविवारचा ठरलेला कार्यक्रम आहे. तिथे पहिली चूक म्हणजे चोळणं. ताज्या फाटक्या जागी मालीश केलं की आतला रक्तस्राव वाढतो. पहिले दोन दिवस बाम चोळणं नको, गरम शेकही नको. क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळायचं, पाय उशीवर ठेवायचा, आणि दुखणं सोसवत नसेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावायचा. बर्फाची सवय जगाला लावली ती गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने, १९७८ मध्ये, विश्रांती-बर्फ-दाब-उंची या चौकडीतून. पुढे त्यांनीच सांगितलं की बर्फाने दुखणं कमी होतं, पण भरून येणं लांबूही शकतं. म्हणून दुखण्यापुरता बर्फ लावा. त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याचं हाड मागच्या बाजूने दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढा. आंबेहळदीचा लेप शाबूत कातडीवर लावायचा असेल तर खुशाल लावा, आजीचं मन मोडू नका.

पण मुक्या माराचे काही प्रकार असे आहेत की तिथे घरी बसायचं नसतं. मूल सायकलवरून पडलं आणि हँडलचं टोक पोटात घुसलं. वर रुपयाएवढा डाग, मूल खेळायलाही लागलं, आणि आत प्लीहा किंवा यकृत फाटलेलं असू शकतं. पोट दुखतच राहिलं, मूल पांढरंफटक पडलं, खांदा दुखतो म्हणालं तर लगेच हॉस्पिटल. मांडीचं हाड मोडलं तर कातडीला ओरखडा नसतानाही मांडीत लिटर-दीड लिटर रक्त साठू शकतं. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून असतं पाच लिटरच्या आसपास. तिसरी गोष्ट रक्त पातळ करायच्या गोळ्यांची. हृदयात स्टेंट बसवलेले आजोबा बाथरूममध्ये घसरले आणि डोक्याला नुसतं टेंगूळ आलं, तरी ते तपासून घ्यायचं. गोळी कुठली ती चिठ्ठी बरोबर न्यायची.

आणखी एक प्रकार कमी लोकांना ठाऊक आहे. दुचाकीखाली पोटरी चेंगरली, हाड धड आहे, कातडी धड आहे, पण काही तासांत पाय फुगून टणक होतो आणि दुखणं वाढत जातं. इतकं की पायाची बोटं कुणी हळूच वर केली तरी माणूस ओरडतो. पोटरीचे स्नायू ताणल्या न जाणाऱ्या पिशव्यांमध्ये बसलेले असतात. आत सूज आली की दाब वाढतो आणि स्नायूंचं रक्त तुटतं. काही तासांत स्नायू मरायला लागतो. मार दिसतो त्याच्या मानाने दुखणं फार जास्त असेल, तर वेदनाशामक देऊन सकाळची वाट बघू नका. बांधलेलं बँडेज सोडा आणि गाडी काढा.

आता उघड्या जखमांकडे येऊ, म्हणजे रस्त्यावर. पहिल्या पावसात पुण्याचा रस्ता तेलकट होतो आणि दुचाक्या ओळीने आडव्या होतात. आपल्याकडचा रिवाज असा की आधी पडलेल्याला उचलून उभं करायचं, मग पाणी पाजायचं, मग रिक्षा थांबवायची. या तिन्हींत गडबड आहे. मानेला मार असेल तर उचलणं धोक्याचं. ऑपरेशन लागणार असेल तर पोटात पाणी नको, भूल देताना अडचण होते. आणि रिक्षा निघेपर्यंत ज्या वाहत्या जखमेवर कुणी हात ठेवला नाही, तिचं जे व्हायचं ते तिथेच होऊन जातं.

आधी स्वतःचा जीव. मागून येणाऱ्या गाड्यांना दिसेल अशी आपली गाडी लावा, दिवे चालू ठेवा. हातात मोजे नसतील तर दुधाची किंवा भाजीची पिशवी चढवा. मग नजर रक्त शोधायला वापरा. खरचटलेला माणूस सगळ्यांत मोठ्याने ओरडतो, कारण संवेदनेची टोकं कातडीच्या वरच्या थरात दाट असतात. गप्प पडलेल्याकडे आधी जा. जुन्या शिकवणीत आधी श्वास, मग नाडी, मग रक्त असा क्रम होता. आता जीवघेणा रक्तस्राव दिसला तर तो सगळ्यांत आधी, असं शिकवतात, कारण मांडीची धमनी तुटलेला माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. जीवघेणा कसा ओळखायचा? रक्त ठोक्याठोक्याने उडतंय, जमिनीवर थारोळं वाढतंय, कपडा भिजून टपकतोय, किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागलाय. उगाच घाबरूही नका. चहाचा एक कप फरशीवर सांडला तर किती पसरतो ते आठवा. डोक्याची चीर अशीच भरमसाट वाहते, कारण तिथल्या वाहिन्या आसपासच्या घट्ट ऊतींत अडकलेल्या असतात आणि त्यांना नीट आकसता येत नाही. ती दाबली की बहुधा थांबते. खालचं हाड खचल्यासारखं वाटलं तर मात्र बोटं आत रुतवायची नाहीत, पसरट, हलका दाब द्यायचा.

मोठ्या जखमेवर दाबताना हात सरळ, कोपर ताठ, अंगाचं वजन वर. खोल भगदाड असेल, मांडीत किंवा काखेत, तर कापडाची पट्टी बोटाने आत तळापर्यंत कोंबत भरायची आणि वरून दाबायचं. बघायला क्रूर वाटतं, पण दाब वर नव्हे, आत तुटलेल्या वाहिनीवर पडायला हवा असतो. छातीत आणि पोटात मात्र कोंबायचं नाही. पूर्वी हात वर धरा, अमुक दाबबिंदू दाबा असंही शिकवायचे. त्याने फरक पडतो याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही म्हणून ते मागे पडलं.

दाबूनही हाताचं किंवा पायाचं रक्त थांबत नसेल तर टूर्निकेट, म्हणजे आवळपट्टी. नदीपात्रात पथकाचा सराव असतो तिथे मी हे ढोलाच्या टिपरूने दाखवतो. ओढणीची दोन इंच रुंद घडी जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर गुंडाळायची, सांध्यावर नाही. एक गाठ, गाठीवर टिपरू, त्यावर दुसरी गाठ, आणि मग टिपरू पिळत जायचं, रक्त थांबेपर्यंत. थांबलं की टिपरू बांधून टाकायचं. मुलं हसतात, मग ज्याच्या दंडावर बांधलंय तो ओरडायला लागतो आणि हसू थांबतं. हे दुखतंच. दुखत नसेल तर बहुधा सैल आहे, आणि सैल पट्टी न बांधण्याहून वाईट: शिरांचं परतीचं रक्त अडतं, धमनीचं चालूच राहतं आणि जखम जास्त वाहते. सुतळी किंवा वायर नको, ती मांस कापते. बांधल्याची वेळ कपाळावर किंवा पट्टीवर पेनाने लिहायची, आणि हॉस्पिटलपर्यंत सोडायची नाही. ‘पट्टी बांधली की हात कापावा लागतो’ ही भीती जुनी आहे. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांतल्या अनुभवानंतर डॉक्टरांचं मत बदललं, दोन तासांपर्यंत ती सहसा निभावते. सापाच्या दंशाला मात्र असं आवळून बांधायचं नाही.

रक्त गेलेल्या माणसाला गार पडू देऊ नका. पावसात भिजलेला असेल तर रेनकोट, चादर, मिळेल ते पांघरा, खालीही घाला. पुण्याच्या जानेवारीत दही लागत नाही म्हणून आपण भांडं शालीत गुंडाळतो ना? गार पडलेल्या अंगात रक्तही नीट गोठत नाही. ‘हवा येऊ द्या’ म्हणत शर्ट काढणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

रुतलेली वस्तू, मग ती सळई असो की काच, उपटायची नाही. तीच बूच बनून बसलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या ठेवून ती हलणार नाही असं बांधायचं. डोळ्यात काही घुसलं असेल तर दाब अजिबात नको, वर कागदी पेला उपडा ठेवून चिकटपट्टीने धरायचा. नायलॉन मांजाने गळा चिरला तर जखमेवरच थेट दाबायचं, दोन्ही बाजूंनी नाही आणि गळ्याभोवती पट्टी गुंडाळून तर मुळीच नाही.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत प्रेसमध्ये बोट जातं तेव्हा तुटलेलं बोट लोक थेट बर्फात टाकून आणतात. बर्फ लागून ऊती जळतात, मग जोडायला काही उरत नाही. बोट ओलसर स्वच्छ कापडात, ते कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड बंद, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. असं गार ठेवलेलं बोट बऱ्याच तासांनंतरही जोडता येतं. हात-पाय तुटला तर त्यात स्नायू असतो, तिथे वेळ फारच कमी.

खरचटलेल्या जखमेची कुणी फिकीर करत नाही, म्हणून ती चिघळते. नळाखाली धरायची, वाहत्या पाण्याने खडी आणि माती निघेपर्यंत. पिण्याचं पाणी पुरेसं आहे. आत राहिलेली खडी कातडीत गोंदणासारखी कायमची बसते. ‘उघडी ठेव, खपली धरू दे’ हाही सल्ला चुकलेलाच. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरते. नवी कातडी ओल्या जागेवरून सरकत येते, कोरड्या खपलीखालून तिला वाट काढावी लागते.

धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात आणि हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत वाढतात. गंजका खिळा बदनाम झाला तो मातीत पडलेला असतो आणि खोल जातो म्हणून. लहानपणीच्या लसी पूर्ण असतील तर स्वच्छ जखमेला दहा वर्षांत आणि मळक्या जखमेला पाच वर्षांत एकदा बूस्टर पुरतो. दर ओरखड्याला टीटी घेणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्यांना शेवटचं कधी घेतलं ते मात्र आठवत नसतं.

कुत्रा चावला तर साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. रेबीजचा विषाणू साबणाने निकामी होतो. चुना, तिखट, हळद काही नको, घट्ट पट्टी नको आणि शक्यतो टाकेही नकोत. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत लस मिळते. कातडीत द्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्या. लक्षणं दिसायला लागल्यावर या रोगातून जवळजवळ कुणीच वाचत नाही.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची गाडी आहे. आत डॉक्टर असतो आणि चालकाला पायलट म्हणतात. फोनवर ‘नवले पुलाजवळ’ एवढ्याने भागत नाही. कात्रजच्या बोगद्याकडून उतरणारी बाजू की चढणारी, सेवा रस्ता की मुख्य, तेही सांगा. चुकीच्या बाजूला आलेल्या गाडीला वळून यायला किती वेळ लागतो हे तिथून रोज जाणाऱ्यांना विचारा. आणि पोलिसांच्या लफड्याची भीती आता सोडा. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ ला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं. नाव सांगायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही.

माझ्या डिकीत असतं ते असं: गॉजची चार पाकिटं, दोन क्रेप बँडेज, मोज्यांच्या दोन जोड्या, मोठा सुती रुमाल, कात्री, पेन, आणि एक जुनं टिपरू. चिकटपट्टी मात्र दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. एप्रिल-मेच्या उन्हात डिकीत तिचा गोंद वितळतो, आणि ऐनवेळी ती जखमेला सोडून पाकिटालाच चिकटलेली निघते.